टायमिंग पुढे की मागे

वरणगावच्या त्या म्हाताऱ्या मिस्तरींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. माझ्या केळीच्या ट्रकाच्या इंजिनात नवा कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवताना ते थांबले.

"भाऊ, झडपा उघडायचं टायमिंग पुढे ठेवू की मागे? पुढे ठेवलं तर चढावर जोर, मागे ठेवलं तर सपाटीला पळेल."

मी गोंधळलो. "दोन्ही नाही जमणार?"

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुन्हा तिथंच खोचली. "गाडी कुठं दमते तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

भरलेला ट्रक मी घाटात कधी चालवलाच नव्हता. शेवटी ड्रायव्हरला फोन लावला.

"चढावर, शेठ. कितीदा तं सांगितलं तुम्हाले."

चाचांनी माझ्याकडे न बघता टायमिंग पुढे बसवलं. ट्रक आता घाट सहज चढतो. पण ड्रायव्हरने ते कधी सांगितलं होतं, मला अजूनही आठवत नाही.