आईच्या फोटोखालची पाटी

मी मुळात भाविक माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. गंगापूर रोडच्या पलीकडे तेव्हा आमची दीड एकरात भाजी आणि झेंडू असायचा, आणि माझी खरी भक्ती होती ती माझ्या जुन्या पिकअपवर. देवी मला आठवली ती माझी बायको सुमन टायफॉइडने अठरा दिवस दवाखान्यात पडली तेव्हा. ताप उतरेना, डॉक्टर धड काही बोलेनात. एका दुपारी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तिच्या माहेरच्या देवीला म्हणालो, हिला चालत घरी आण, तुझ्या दारात दगडी कासव आणि दीपमाळ मी स्वतः, एका खेपेत आणून उभी करीन. एका खेपेत असं देवीने मागितलं नव्हतं. तेवढा माझा स्वभाव.

सुमन चालत घरी आली. त्या आनंदात मी वणीला जाऊन सप्तशृंगीचा एक मोठा चिकटवायचा फोटो आणला. गाडीत समोरच्या बाजूला आधीच तीन देव दाटीवाटीने बसलेले, म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या आत कंपनीने ठोकलेली एक पत्र्याची पाटी होती, तिच्यावरच तो चिकटवला. दार उघडलं की दर्शन. पाटीवर काय लिहिलंय ते मी पाच वर्षांत वाचलं नव्हतं. पिकअप काय ओढते हे मला पाटी सांगणार का, असा माझा तोरा.

चैत्रात पाथरवटाने काम पुरं केलं. कासव चांगलं ऐसपैस होतं आणि दीपमाळ पाच दगडांची. दगड बघून तो म्हणाला, "भाऊ, दोन खेपा करा. दगड दिसतो त्याच्या दुप्पट असतो." सुमननेही तेच सांगितलं. मी दोघांचंही ऐकलं नाही. कासव गाडीत चढवलं, दीपमाळेचे दगड मागे जोडलेल्या दोनचाकी ट्रॉलीत रचले. पुढे माझ्या शेजारी सुमन आणि सासूबाई, मागे कासवाभोवती दोन मेव्हणे, त्यांच्या बायका, ढोल, गुळाच्या भेल्या आणि पाण्याचा पिंप. धाकटा मेव्हणा बिचारा म्हणाला, "दाजी, वणीच्या अलीकडं काटा हाय, वजन करून घेऊ का?" मी त्याला असा झापला की विचारू नका. देवाला कांद्याच्या काट्यावर चढवायचं? आणि उचललेला देव देवळापर्यंत खाली टेकवायचा नसतो, तेव्हा जास्त भरलं तरी उतरवणार कुठे? देवाच्या गाडीला भार होत नाही, असंही वर एक वाक्य टाकलं. ते मला फार आवडलं होतं.

दिंडोरी मागे पडेपर्यंत सगळे गात होते. मला मात्र स्टेअरिंग हातात हलकं लागत होतं. गाडीचा मागचा भाग बसला होता आणि नाक वर. जरा वेग घेतला की ट्रॉली मागे शेपूट हलवल्यासारखी डावी-उजवीकडे जायची, आणि तिच्यासोबत आम्हीही. तिला तिचे ब्रेक नव्हते, सगळा भार माझ्या एका पायावर. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आई बघून घेईल. खरं सांगायचं तर ती श्रद्धा नव्हती, चुकलो हे कबूल करायची लाज होती. सासूबाईंचे पाय आखडले म्हणून मी गाडी थांबवली ती नेमकी त्या वजनकाट्याजवळच्या निंबाखाली.

काटा चालवणाऱ्याची म्हातारी आई तिथे बसली होती. लेक भाकरी घरी विसरला म्हणून ती द्यायला दोन कोस चालत आली होती. एरवी ती काट्याकडे फिरकतही नसे, हे मला मागाहून कळलं. तिने आधी गाडी बघितली, मग ट्रॉली, मग मला.

"कुठं चालला रं?"

मी नवस सांगितला, जरा फुगवूनच सांगितला.

"मंग काट्यावर घे."

"आजी, देव जोखायचा नसतो."

"आईच्या दारात लेकराला गुळानं जोखत्यात, तवा तिला चालतं. अन् तुझी गाडी जोखली की तिला राग येतो व्हय?" एवढं बोलून तिने माझ्या उघड्या दाराकडे बोट केलं. "तिला कशावर चिकटवलंय ते तरी बघितलं का?"

म्हातारीला अक्षरओळख नव्हती. पण कांद्याच्या गाड्या जोखण्यात जन्म घालवलेल्या लेकाकडून तिला ठाऊक होतं की गाडीचं बळ किती ते तिथे लिहिलेलं असतं. लेकाने पुढे होऊन फोटोचा कोपरा नखाने अलगद सोडवला. खाली आकडा होता: गाडी, माल, माणसं आणि मागे ओढायचं ओझं, सगळं मिळून किती. मी निमूटपणे गाडी काट्यावर घेतली. आम्ही त्या आकड्याच्या वर सात क्विंटल होतो. मी हिशेबात फक्त दगड धरला होता. ट्रॉली, माणसं, पिंप, गूळ यांनाही वजन असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटा मेव्हणा नुसता ढोलावर बोटं वाजवत राहिला.

मी म्हणालो, पण देव टेकवायचा कुठे? म्हातारी म्हणाली, "टेकवायचा कशाला? ट्रॉली सोड हितंच. देव ट्रॉलीत बसंल. आईला घाई नाय, घाई तुला हाय." ट्रॉली गाडीपासून सोडवली, चाकांखाली दगड लावले, तिने बसायला आणलेलं जुनं पातळ दीपमाळेवर पांघरलं आणि राखण करत निंबाखाली बसली. कासव, भेल्या आणि माणसं घेऊन आम्ही निघालो. एका खेपेचा नवस मोडला म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो.

सुमनच्या माहेरच्या गावाआधी एक छोटा घाट उतरावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत शेवटचं वळण घेतलं, आणि समोर रस्ताभर माणसं. गाव कासवाच्या स्वागताला वाजतगाजत घाट चढून आलं होतं. पुढे आरतीची ताटं घेतलेल्या बाया, त्यांच्या पदराला धरून पोरी. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी घसरत, कण्हत, थांबली तेव्हा पहिल्या ताटातली ज्योत काचेतून हाताच्या अंतरावर दिसत होती. मागे ट्रॉली असती तर तिने आम्हाला ढकलत त्या ताटांवर नेलं असतं. हे गाडीत फक्त मला कळलं, आणि सुमनला. तिने माझा गुडघा घट्ट धरला. बाहेर कुणालाच काही कळलं नव्हतं. बायांनी हसतहसत बॉनेटला हळद-कुंकू वाहिलं, गाडीवरून नारळ ओवाळला, आणि जावई रडतोय म्हटल्यावर सगळ्यांना माझ्या भक्तीचं फार कौतुक वाटलं. सासूबाई अजून तो किस्सा अभिमानाने सांगतात. मी त्यांना अडवत नाही.

दुपारी रिकामी गाडी घेऊन मी आणि सुमन परत निंबाखाली आलो. दीपमाळेचे दोन दगड गाडीत घेतले, तीन ट्रॉलीत चाकांच्या वर नीट मांडले, आणि कुणी न सांगता काट्यावर चढलो. आकडा पाटीच्या आत होता. मी आजींच्या पाया पडलो. त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारत आशीर्वाद दिला. लोक मला विचारतात, ती देवीच होती का? मला माहीत नाही. तिचा लेक तिला तंबाखूवरून रागवत होता, एवढं मी पाहिलं. पण त्याच दिवशी तो भाकरी विसरला आणि माझी गाडी त्याच निंबाखाली थांबली, हे मी जुळवून आणलं नव्हतं. मी हात जोडतो आणि पुढे विचारत नाही.

शरण जायचं म्हणजे डोळे मिटून सगळा भार तिच्यावर टाकायचा, असं मला वाटायचं. आपल्याला झेपेल तेवढंच उचलावं आणि उरलेल्यासाठी पुन्हा यावं, यातही शरण जाणं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर मी फोटो काढून पाटीच्या वर लावला. आता दार उघडलं की आधी आई दिसते, तिच्या पायाशी आकडा.

त्या दुपारी दीपमाळ घेऊन निंबाखालून निघताना मी आजींना म्हणालो होतो, "चला, दीपमाळ उभी राहताना तुम्ही तिथं पाहिजे." सुमनने सरकून जागा केली. आजी पातळ झटकत उठल्या, दाराशी आल्या, एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबल्या.

"लेका," त्या म्हणाल्या, "माझं वजन धरलं का?"

मी त्यांना खाली उतरवलं नाही. गाडी मागे घेतली, त्यांच्यासकट पुन्हा काट्यावर चढवली, आणि मगच घाटाकडे निघालो.