दोन गाठींचा हिरवा

रफूवाल्यांनी दुरुस्त केलेला कपडा हातात घेऊन गिऱ्हाईक विचारायचं, "फाटलं कुठं होतं हो?" अशी देवाची देणगी त्यांच्या बोटांत होती. डोळ्यांत मात्र नव्हती. लाल आणि हिरवा त्यांना जन्मापासून सारखाच दिसे.

लग्न नवं असताना त्यांनी एका हिरव्या कोटाचं कोपर तांबड्या दोऱ्यानं असं सुबक भरलं की बायको उन्हात बघून कपाळाला हात लावून बसली. तेव्हापासून ती प्रत्येक रिळाच्या टोकाला गाठी मारी. लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. फिकट-गडद त्यांचं त्यांना बरोबर कळे. तीस वर्षं हे दोघांतच राहिलं, लेकीलाही ठाऊक नव्हतं. रंग न कळणाऱ्याकडे रफूला कपडा देणार कोण?

मग नातवाच्या शाळेत डोळे तपासले. ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसेना. विहीणबाईंनी तोंड सोडलं, "आमच्या सात पिढ्यांत असं कुणाला नाही. गरोदरपणी हिनं काय खाल्लं, देव जाणे!" लेक पोराला घेऊन रडत माहेरी आली.

रफूवाल्यांना घास गोड लागेना. खरं सांगावं तर पोटावर पाय, न सांगावं तर पोरीच्या माथी खापर. सकाळी ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले, देवापुढे हात जोडले आणि रिळांचा डबा काखेत मारून, नातवाचं बोट धरून विहीणबाईंच्या दारात उभे राहिले.

"दोष माझा आहे, विहीणबाई. माझ्याकडून लेकीकडे, तिच्याकडून याच्याकडे."

"मग तुमच्या मुलाला कसा नाही?" विहीणबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

"बाईच्या अंगात हा धागा दुहेरी असतो, एक आईचा, एक बापाचा. माझा अधू धागा लेकीला गेलाच, पण आईच्या चांगल्या धाग्यानं तिचं निभावलं. पुरुषाला हा धागा एकच, तोही आईचा. माझा मुलगा म्हणून सुटला. नातवाला लेकीच्या दोहोंपैकी कुठलाही मिळाला असता, माझा मिळाला. त्यात तिच्या खाण्यापिण्याचा काय संबंध?"

"म्हणजे माझी हिरवी शाल तुम्ही रंग न दिसता...?"

त्या तरातरा आत गेल्या, शाल आणली, चष्मा लावून खिडकीशी उलटसुलट केली. "कुठंय तो रफू?"

"दिसला असता तर माझं दुकान कधीच बसलं असतं."

आजोबांनी वाटेत गाठींची खूण शिकवली होती, नातू डब्यातली रिळं चाचपत होता. "आजोबा, दोन गाठी! हा हिरवा ना?"

विहीणबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी रफूवाल्यांनी घरापुढचं दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक विहीणबाईच, हातात यजमानांचा कोट.

"रंग मी सांगते, तुम्ही सुई चालवा. आणि सूनबाईला हाक मारा आधी. न्यायला आलेय मी तिला."