फोटोसाठी हलवलेला दगड

फोटो चांगला यावा म्हणून मी धुऱ्यावरचा दगड उपटला आणि उन्हात नेऊन ठेवला. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द आणि त्यावरचा दगड म्हणजे हद्दीची खूण, हे आमच्या भागात चालायला लागलेल्या पोरालाही सांगावे लागत नाही. मी पन्नाशीला आलेला, अमरावतीत सरकारी नोकरी करणारा, दर्यापूरकडच्या काळ्या मातीत लहानाचा मोठा झालेला माणूस. मला तो नुसता दगड वाटला. छान, खडबडीत, एका बाजूने ऊन घेणारा.

उपटायला कष्टही पडले नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडची जमीन भेगाळते, तेव्हा पुरलेला दगड म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतो. लोळवत लोळवत मी तो हवा तिथे आणला, त्याच्यामागे पालथा पडलो आणि फोटो काढला. तेवढ्यात रस्त्यावरून जीपवाल्याने हॉर्न दिला. ती जीप गेली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी कपडे झटकत धावलो. दगड राहिला तिथेच.

खरे म्हणजे बाबांच्या जमिनीची आम्हा दोघा भावांत वाटणी झाली आणि तो दगड पुरला गेला, तेव्हा मी समोर उभा होतो. मोजणीदार होते, गावातले चार लोक होते, मोठा भाऊ, म्हणजे दादा, सब्बल घेऊन खड्डा करत होता. हे मला मागाहून दादानेच सांगितले. मला त्यातले काहीच आठवत नाही.

बाबा गेल्यानंतरचे सगळेच तसे होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जेवून गेले, खुर्च्या परत गेल्या. मला रडू आले नाही. भूक लागायची, झोप लागायची, ऑफिसची फाईल हलायची. सहकारी म्हणायचे, तुम्ही छान सावरलात. मी थँक्यू म्हणायचो. वाटणीतही भांडण झाले नाही. झाले असते तर निदान बोलणे झाले असते. सह्या झाल्या आणि दादाने मला, मी दादाला फोन करणे थांबवले. कोणी ठरवले नव्हते.

बायकोने काही दिवस पाहिले. मग म्हणाली, "तुमी भिंतीकडं पाहून राह्यता. पाहायचंच असन तं बाहेर जाऊन पाहा ना."

तिचे माहेर अकोल्याचे. तिथे एक तरुण फोटोग्राफर रविवारी निसर्गचित्रणाचा वर्ग घेतो हे तिनेच शोधून काढले, आणि माझे नाव घालून आली. मोबाइलवर काढले तरी चालते म्हणाले. मी जवळच्या बडनेरा स्टेशनवरून गाडी धरून जाऊ लागलो. वर्गात सगळे माझ्या पोरांच्या वयाचे. सर म्हणायचे, क्षितिज मधोमध घेऊ नका. महत्त्वाची वस्तू मधोमध ठेवू नका. पुढे काहीतरी असू द्या, म्हणजे नजर आधी तिथे टेकते आणि मग आत जाते. आणि एकच जागा निवडून ती पुन्हा पुन्हा काढा.

सरांच्या स्वतःच्या फोटोंत डोंगर होते, तलाव होते. मी माझ्या वाट्याचे वावर निवडले. तिथे खाली काळे, वर निळे आणि मधे एक रेघ. दर सुटीला मी तिथे जायचो, फोटो काढून परत यायचो. दादाचे घर गावात, वावरापासून दिसेल एवढ्या अंतरावर. तिकडे जात नसे.

घरी बायकोला फोटो दाखवायचो.

"हा तं मागच्या वेळी दाखवला होता."

"तो वेगळा. त्यात क्षितिज खाली होतं."

"हो का? मले वाटलं मोबाइल वाकडा धरला असन."

दगडाचा फोटो मात्र सरांनी ग्रुपवर उचलून धरला. "आता तुमचा फोटो बोलतोय," असे लिहिले. मला बरे वाटायला हवे होते, म्हणून मी तो स्टेटसला ठेवला.

सकाळी दादाचा फोन आला. कित्येक महिन्यांनी.

"दगड कावून हलवला?"

"कोणता दगड?"

"जो तुह्या स्टेटसवर हाये तो."

मी सांगितले. पुढे काहीतरी लागते, नजर टेकायला.

"फोटोसाठी कोणी धुरा सरकवते काय रे?"

"दादा, खरंच फोटोसाठी."

"गावात लोकं म्हणून राह्यले, लहान्याच्या मनात मोजणी बसली नाही. आता मागून सरकवून राह्यला."

"अन् तू काय म्हणतो?"

"मी काय म्हणू? मी पाहून राह्यलो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की दादाने फोटो मोठा करून पाहिला असणार. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. बाबांच्या मागे मला तो एक भाऊ होता आणि मी त्याच्या जमिनीवर डोळा ठेवला आहे असे त्याला वाटू लागले होते, किंवा वाटू नये म्हणून तो झटत होता. हे मला समजले. पण गणित समजावे तसे समजले.

बायको म्हणाली, "लोकं फोटोतून नको ते काढून टाकते. तुमी हद्दच काढून टाकली."

"काढली नाही. पुढे आणली."

"चूप बसा अन् रविवारी चला. मी येतो संगं."

रविवारच्या आत अवकाळी पाऊस झाला. बायकोने वहिनीला आधी फोन केलेला, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा दादा आणि वहिनी वावरात उभे होते. दगड मी सोडला होता तिथेच, चिखलाने बरबटलेला.

"तू उचलून ठेवायचा ना," मी म्हणालो.

"मी हात लावला असता तं म्हणले असते, मोठ्यानं सरकवला."

खड्डा दिसेना. पावसाने भेगा मिटल्या होत्या, सगळे एकसारखे काळे झाले होते. मी दादाला विचारले, कुठे होता? तो नाल्याकडे बघत म्हणाला, "तूच सांग. तूच हलवला."

मला फक्त एकच मार्ग सुचला. माझे जुने फोटो. वर्ग सुरू झाला तेव्हाचे, सरांनी नापास केलेले. त्यांत क्षितिज बरोबर मधोमध होते आणि दगडही बरोबर मधोमध. एका फोटोत दगडाच्या ऐन मागे विजेचा खांब उभा. दुसरा मी विहिरीकडून काढलेला, त्यात दगडामागे बाभूळ. सर म्हणाले होते, हे असे डोक्यातून झाड उगवल्यासारखे कधी घेऊ नका.

मी मोबाइल डोळ्यांसमोर धरून मागे सरकत गेलो, जुन्या फोटोतले आणि समोरचे जुळेपर्यंत. दादाने दगड छातीशी उचलला आणि चालू लागला.

"उलीसाक डावीकडं," मी ओरडलो.

"कोनाच्या डावीकडं? तुह्या का माह्या?"

"माझ्या."

"मग सांग ना बावा तसं. इथं?"

"आणखी. बस. नाही, गेला पुढे."

"फोटो काढून राह्यला का बैल हाकलून राह्यला?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मग मी विहिरीकडे गेलो, बाभळीची रेघ धरली, पुन्हा डावीकडे उजवीकडे झाले. दादाच्या शर्टावर चिखलाचा मोठा डाग पडला. शेवटी मी हात वर केला. दादा थोडा वेळ दगड घेऊन तसाच उभा राहिला. मग खाली ठेवला, सब्बलेने खड्डा केला, दगड बसवला आणि पायाने माती दाबली.

"झालं?"

"झालं."

मला वाटत होते की आता काहीतरी होईल, छातीत किंवा घशात. तसले काही झाले नाही. मोबाइल धरून अंगठा दुखत होता, तो चोळत बसलो. वहिनीने थर्मासमधला चहा दिला. दादाने मोबाइल मागून घेतला, तो नापास फोटो पाहिला आणि म्हणाला, "हा बरा हाये. सारं जागच्या जागी हाये." मग म्हणाला, "पुढल्या वेळी घरी ये जेवाले."

परत येताना जीपमध्ये बायको बराच वेळ बाहेर पाहत होती. दर्यापूर जवळ आल्यावर बोलली.

"दगड वीतभर दादाच्या वावरात बसला."

"कोण म्हणते?"

"वहिनीनं सांगितलं मले, तिथंच. दादाले जागा पह्यल्यापासून माहीत होती. ते बोलले नाही."

"अन् तू? तू कावून नाही बोलली?"

"मी मधात कायले बोलू?" ती म्हणाली. "तुमी दोघं बोलून राह्यले होते."