गुड मॉर्निंग, कॉम्रेड

मुंबईतला संप मोडला तरी बाबांची गिरणी बंदच राहिली. दीड वर्ष आई लोकांचे ब्लाउज शिवत होती आणि आम्ही बहिणी एकाच भाजीवर दोन्ही वेळा जेवत होतो. अमेरिकेतल्या मामाने केव्हाचे भरलेले कागद मंजूर झाले, म्हणून न्यू जर्सीला आलो. बाबा कापड रंगवायच्या कारखान्यात लागले. एका म्हाताऱ्या इटालियन बाईंच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायचो.

आमच्यात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. मी शेवटच्या सेमिस्टरला पोहोचले आणि इतिहासाचा एक पेपर उरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन कामगारांना भांडवलशाही आणि मार्क्सवादाबद्दल काय वाटायचं, ते त्या काळच्या माणसाकडून ऐकून लिहायचं. तो नाही तर डिग्री नाही. मालकीणबाई लहानपणी रेशमाच्या गिरणीत होत्या, एवढं ठाऊक होतं. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आम्ही तसले नव्हतो," आणि दार बंद.

एका शनिवारी बाबा पायऱ्यांवरचा बर्फ काढत होते, कुणी घसरू नये म्हणून मी मीठ टाकत होते. बाई दारात आल्या. बाबा ताठ उभे राहिले. "गुड मॉर्निंग, कॉम्रेड!"

मुंबईच्या गिरणीत युनियनच्या वडीलधाऱ्यांना असंच म्हणायचे. बाबांना वाटायचं, हा इंग्रजीतला 'राव' आहे.

"अहो, तो शब्द इथे नको!" आई खालून ओरडली. "घराबाहेर काढतील!"

"का? मान दिला ना मी?"

बाईंनी दार सताड उघडलं. मग मला म्हणाल्या, "माझ्या वडिलांना असंच म्हणायचे. वही घेऊन आत ये."

बाईंच्या लहानपणी त्यांच्या स्वयंपाकघरात कामगारांच्या सभा भरायच्या. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वडील लाल पत्रकं मोठ्याने वाचायचे. आणि रविवारी तेच वडील कोपऱ्यावरची रिकामी जागा स्वतःच्या दुकानासाठी पावलांनी मोजायचे. इथे काउंटर, इथे चीज टांगायचं.

"दोन्ही एकदम?" मी विचारलं.

"अगं, राग मालकावर होता. दुकानावर कशाला असेल?"

मग पहिलं महायुद्ध आलं. 'तसल्या' लोकांना बोटीत बसवून परत धाडू लागले. वडिलांनी पत्रकं चुलीत घातली आणि मुलांकडून ते एक उत्तर पाठ करून घेतलं. बाई ते सत्तर वर्षं म्हणत आल्या होत्या. केवढी हिंमत त्या माणसांची, आणि केवढं ते भय!

ऐकलं तसंच लिहिलं, पदरचं शहाणपण जोडलं नाही. पेपर पास झाला. त्या मे महिन्यात मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली.