शत्रूच्या गावचा आवाज

विनोद घवाळीचा चेहरा रत्नागिरीत फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आवाज मात्र मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत पोराटोरांनाही ठाऊक. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर आणि हातात माइक. साड्यांचा सेल, नमनाचा प्रयोग, उद्या नळाला पाणी नाही, अमक्यांची म्हैस दावं तोडून पळाली. गावाला जे काही सांगायचं ते विनोदने सांगायचं. भोंगे माझ्या दुकानातले. मी दत्तात्रेय, गोखले नाक्याजवळ माइक-स्पीकर भाड्याने देतो. विनोदशी माझं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून वाजायचं. तो माइक तोंडात घातल्यासारखा धरायचा आणि जाळी गंजवून आणायचा.

हल्ली सगळे जाहिरात पेनड्राइव्हवर भरतात आणि रिक्षा नुसती गावभर फिरवतात. विनोदने ते कधी केलं नाही. "रेकॉर्डला समोरचा माणूस दिसत नाय, दत्ताभाऊ," तो म्हणायचा. सेलबिल तो चालत्या रिक्षातून उरकायचा. पण हरवल्याची बातमी असली की नाक्यानाक्यावर थांबून इंजिन बंद करायचा. आधी नाव, मग वय, मग अंगावरचे कपडे. दोनदा सांगून झालं की तिसऱ्यांदा आवाज खाली घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बघितलं असेल तर सांगा हो." त्या 'हो'ला माणसं हातातलं काम टाकून गॅलरीत यायची. त्या 'हो'वर घरी पोचलेली पोरं आज स्वतः पोरांची आईबाप झाली आहेत. असल्या बातमीचं तो काही घेत नसे, आणि मीही भोंग्यांचं भाडं लावत नसे.

अशा माणसाचं वाटोळं एका गेमने केलं. मी हे रागाने लिहितोय असं वाटेल, तर ते बरोबरच आहे.

अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीतली सावनी नावाची मुलगी दोन वर्षांमागे मे महिन्यात मैत्रिणींबरोबर आरे-वारेच्या किनाऱ्यावर आली होती. बाजारात तिने विनोदची रिक्षा ऐकली आणि चौकशी करत माझ्या दुकानात आली. मुलगी हुशार होती, बोलायला गोड होती, उगाच नावं ठेवणार नाही. तिची कंपनी लढाईचा गेम बनवते, 'शेवटची चौकी' नावाचा, आणि गेममधलं बोलणं लिहायचं काम हिचं. दोन देश, दोन्ही कल्पनेतले. आपण एका बाजूचे सैनिक. पहिल्या भागात शत्रू म्हणजे काळ्या मुखवट्यांची माणसं. ती बोलत नाहीत, नुसती गुरगुरतात आणि गोळी लागली की आडवी होतात. त्यावर म्हणे टीका झाली, की हा शत्रू पुठ्ठ्याचा आहे. म्हणून त्याच गेमला आता नवा भाग जोडायचा होता, 'शत्रूचं गाव'. ज्यांच्याकडे जुना गेम आहे त्यांनी हा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. ह्यात आपला सैनिक शत्रूच्या मुलखात शिरतो. तिथे घरं आहेत, दोरीवर कपडे वाळताहेत, भिंतींवर त्यांच्या सरकारची चित्रं आहेत आणि गल्लोगल्ली भोंगे. भोंग्यांवरून दिवसभर त्यांचा प्रचार चालतो.

"स्टुडिओतला आवाज खोटा वाटतो, काका," ती विनोदला म्हणाली. "मला गल्लीत घुमलेला आवाज हवाय."

माझ्या दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग ठरलं. सावनीने कागद दिला. शूर नागरिकांनो, विजय आपलाच आहे, शत्रू तुमच्या मुलांना पळवून नेतो, असलं काय काय त्यात होतं. विनोदने तो वाचला आणि माइक खाली ठेवला.

"ह्या लोकांना पाणी कधी येता?" त्याने विचारलं.

सावनी हसली. "म्हणजे?"

"गाव हाय ना? मग भोंग्यावरून पाण्याचा कोन सांगत नाय? कोन हरवत नाय? दिवसभर नुसता विजय विजय कोन ऐकल?"

मुलीने पटकन वही काढली. तिचा चेहरा उजळला तो मला आजही दिसतो. मग विनोदने एकेक बातमी तिथल्या तिथे जुळवली. पाणी संध्याकाळी येणार. रेशनवर तांदूळ आलाय. आणि एक वृद्ध माता हरवली आहे, दिसल्यास कृपया शाळेच्या मैदानावर आणून सोडावं. ही शेवटची सांगण्याआधी तो थांबला.

"हा सांगणारा खोटा बोलतोय काय?"

"तिथलं सरकार खोटं बोलतं, काका."

"सरकारचा सोडा. सांगणाऱ्याला ठाऊक हाय?"

"ते आम्ही लिहिलेलं नाही."

"मग त्याला ठाऊक नाय," विनोद म्हणाला आणि बोलायला लागला. नाव, वय, कपडे, सगळं. तिसऱ्यांदा आवाज खाली आला आणि "बघितलं असेल तर सांगा हो" म्हणाला तेव्हा मी दाराशी उभा होतो. खोलीत कुणी हरवलेलं नाही हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

दिवाळीत नवा भाग आला. रामआळीत हर्षदचं मोबाइलचं दुकान आहे आणि वरच्या माळ्यावर पोरांना गेम खेळायला कॉम्प्युटर लावलेत. त्याने विनोदला आणि मला बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवलं. शत्रूचं गाव खरंच गावासारखं होतं. भोंग्यावर आमचा विनोद बोलत होता आणि ऐकून आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. मग हर्षदच्या सैनिकाला रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसलेली दिसली. त्याने तिला हाताला धरून उठवलं आणि शाळेच्या मैदानावर नेलं. मैदानाच्या चारी बाजूंनी बंदुका सुटल्या.

"पहिल्यांदा सगळे मरतात इथे," हर्षद कौतुकाने सांगू लागला. "तुमचा आवाज ऐकून पाघळतात ना. दुसऱ्या वेळी कुणी फसत नाही. म्हातारीला तिथेच सोडून पुढे जायचं."

"आनि म्हातारीचा काय होता?"

"ती त्यांचीच असते, काका. मुद्दाम बसवलेली."

विनोद पडद्याकडे बघत राहिला. "मी तसा नाय सांगितला," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

मुंबईच्या लोकांनी गेम डोक्यावर घेतला. शत्रूला पहिल्यांदाच माणसाचा आवाज मिळाला, असं कुणीतरी लिहिलेलं हर्षदने मला वाचून दाखवलं. मिळाला खरा. पण तो ऐकून जो मदतीला धावेल त्याला मूर्ख ठरवायचं, हे शिकवायला त्यांनी तो आणला होता. गुरगुरणारा शत्रू परवडला. त्याने निदान कुणाची आई हरवल्याचं सांगितलं नव्हतं.

पुढे हर्षदने दुकानात गेमची स्पर्धा ठेवली आणि ती हरवल्याची बातमी जाहिरात म्हणून गावभर फिरवायची टूम काढली. विनोदने साफ नकार दिला. मग हर्षदने दुसऱ्याची रिक्षा घेतली आणि गेममधला आवाज पेनड्राइव्हवर भरून सोडला. माणसं नेहमीसारखी गॅलरीत धावली, चपला घालून खाली उतरली. शेवटी ऐकू आलं, 'शेवटची चौकी, शत्रूचं गाव, भव्य स्पर्धा'. लोक खजील होऊन हसले आणि घरात गेले. व्हॉट्सॲपवर कुठल्याशा म्हातारीचा फोटो टाकून 'हरवल्या आहेत' अशी पोस्टही फिरली, तिच्याही खाली स्पर्धेचा पत्ता. हर्षद वाईट मुलगा नाही. त्याला ती गंमत वाटली.

त्यानंतर विनोदने पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं तरी कट्ट्यावरची मुलं ओरडायची, "पिऊ नका रे, मराल." दुकानदारांनी हळूहळू दुसरे आवाज बघितले. सेलला लोक हसतात, माल खपत नाही, त्यांचंही बरोबर. विनोदने माझ्यासमोर सावनीला फोन लावला आणि ती बातमी गेममधून काढा म्हणून विनवलं. ती बिचारी कानकोंडी झाली. म्हणाली, लोकांना नेमकं तेच सगळ्यात आवडलंय, आता ते काढणं माझ्या हातात नाही.

"मग निदान येकीला तरी घरी पोचवा," विनोद म्हणाला. "येक तरी म्हातारी खरी असू द्या."

ती म्हणाली, टीमला विचारून बघते. तिचा फोन परत आला नाही.

विनोदची आई यमुनाबाई त्याच्याचकडे परटवण्याला असायची. माहेर आरे गावचं. अलीकडे तिचं सगळं पुसत चाललं होतं, सुनेला ती सगुणा न म्हणता स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. ह्या एप्रिलमध्ये एका सकाळी सगुणा कपडे वाळत घालून आत आली तर म्हातारी घरात नाही. आळी पालथी घातली, विहिरीत डोकावून झालं. विनोद माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"भोंगे द्या, दत्ताभाऊ. आवस खंय गावत नाय."

मी दुकान उघडंच टाकून त्याच्याबरोबर निघालो. पोलिसांत कळवलं, त्यांनी स्टॅण्डवर आणि स्टेशनवर माणसं पाठवली. आम्ही नाक्यानाक्यावर थांबत गेलो. विनोदने इंजिन बंद केलं, माइक धरला आणि सांगितलं. यमुनाबाई घवाळी, वय ऐंशीच्या आसपास, अंगावर अबोली लुगडं, हातात कापडी पिशवी. त्याचा आवाज जराही हलला नाही. हलला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या माणसांसाठी जसं सांगितलं तसंच त्याने आपल्या आईसाठी सांगितलं, आणि तिसऱ्यांदा आवाज खाली घेऊन म्हणाला, "बघितलं असेल तर सांगा हो."

धनजी नाक्यावर दोन मुलांनी हाताच्या बंदुका करून गोळ्या झाडल्याची नक्कल केली. जयस्तंभाला एक बाई गॅलरीत आली, ऐकलं आणि हसत आत गेली. मी रिक्षातून उतरून ओरडत सुटलो, अहो हे खरं आहे, ही ह्याची आई आहे. एक गृहस्थ मला म्हणाले, "ह्या वेळी जाहिरात जोरात केलीय हं." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, विनोदने मला मागे ओढलं. माझ्या पुतण्याने तिचा आधारवरचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले आणि गेममधल्या शत्रूच्या देशाचा झेंडा.

दुसऱ्या दिवशी शिरगावच्या सड्यावर गुरं घेऊन गेलेल्या माणसाला यमुनाबाई सापडली. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, एप्रिलमध्ये त्यावर सावलीला करवंदीची जाळी सोडून काही नाही. जाळीशी टेकूनच तिने प्राण सोडला होता, माहेरच्या, आऱ्याच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले, उन्हाने. आदल्या दिवशी दुपार टळेपर्यंत जिवंत असणार.

दिवसकार्य झाल्यावर विनोदच्या घरी एक तरुण आला. उन्मेष नाव सांगितलं, बँकेत नोकरीला. मी तिथेच होतो. तो बसायला तयार नव्हता, उभ्याउभ्याच बोलला.

"मी त्या दिवशी सकाळी सड्यावरून स्कूटरने येत होतो. आजी रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी मला हातही केला. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. मग जयस्तंभाला तुमची रिक्षा भेटली."

"आयकू नीट आला?" विनोदने विचारलं.

"हो."

"लुगड्याचा रंग?"

"अबोली. पिशवीसुद्धा. सगळं ऐकलं मी." तो रडायला लागला. "बायकोला फोन करून सांगितलं, त्या गेमची जाहिरात परत आली, आणि गंमत बघ, मला रस्त्यात तशीच आजी दिसली."

सगुणाने पदर तोंडाला लावला.

"मग माझा सांगन्यात काय चुकला?" विनोद म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही, काका," उन्मेष म्हणाला. "तुम्ही अगदी गेममधल्यासारखंच सांगितलंत."

विनोदने मान हलवली आणि सगुणाला त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. मुलगा चहा न घेताच निघाला, तेव्हा विनोद त्याला अंगणापर्यंत सोडायला गेला. परत येऊन माझ्याशेजारी बसला.

"मी गावात उगाच फिरलो, दत्ताभाऊ," तो म्हणाला. "रिक्षा सड्यावर न्यायला पायजे होती. आवस माझा आवाज आयकून आली असती. तिने तो गेम बघितलेला नव्हता."