तिसऱ्या हाकेपर्यंत

वहिनी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मीच सगळ्यांना दिली. डिचोलीतल्या आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे मी, पलीकडे कुमुदवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलंच नाही, आणि पुतण्या नितीन नोकरीपायी पुण्याला. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना मिळून आम्ही दोनच माणसं. त्या दिवशी दुपारी तीनला चहाचे दोन कप घेऊन मी नेहमीसारखा तिच्याकडे गेलो, तर ती आपल्या कदेलीत, म्हणजे खुर्चीत, मान एका बाजूला टाकून बसली होती आणि समोर टीव्हीवर पोलीस कुणाचं तरी घर उलथंपालथं करत होते. मी म्हटलं, "काय गो वहिनी, खुनातसुद्धा झोप लागली?" ... पुढचं सांगवत नाही. हातातले कप खाली ठेवून आधी टीव्ही बंद केला. दीड महिना झाला त्याला. एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही, नितीनलासुद्धा नाही. ती सांगायचीच म्हणून हे लिहायला बसलो आहे, आणि लिहिताना मला भीती वाटते आहे हे आधीच कबूल करतो.

वहिनीला थरारपटांचं वेड होतं. सासू-सुनांच्या मालिका तिने कधी लावल्या नाहीत. "त्यांचे खून फार हळू होतात," म्हणायची. नितीनने मोठा टीव्ही आणि इंटरनेट बसवून दिल्यापासून तर देशभरातले खुनी आमच्या घरात जेवणानंतर हजर व्हायचे. अडीचला ती सुरू करायची, आणि मला मात्र तीनच्या आधी बंदी. "भावजी, तुम्ही मध्ये मध्ये विचारता. मला आधी माणसं ओळखून घेऊ देत." तीनला मी चहा घेऊन गेलो की ती मला सगळं सांगायची, हा मेला, ही खोटं बोलते, ह्या पोलिसावर लक्ष ठेवा. आणि तिची मतं! नव्या मालिकांमधल्या पोलिसांवर तिचा भारी राग. "एकाचंही घर धड नाही. बायको सोडून गेलेली, झोप नाही, दारू चालू. ह्यांना कुणी पेज करून वाढत नाही का हो?" घरांतला काळोख बघून ती टीव्हीसमोर जाऊन बोट नाचवायची, "अगो बाये, बटण आहे ना भिंतीवर? दाब की!" दचकवण्यासाठी एकदम मोठं संगीत आलं की ती त्याला भांडी पाडणं म्हणायची. "हा घाबरवत नाही, नुसती भांडी पाडतो," असा एकदा शेरा बसला की तो दिग्दर्शक तिच्या मनातून उतरलाच. श्रीमंत घराण्यांच्या नाटकी मालिकांत जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात, तिथे तिचं लक्ष ताटांकडे. "चार वाढपी, बारा पदार्थ, आणि कुणी घासभर खाल्लं नाही. कसली माणसं ही!" खुनी सापडल्यावर अर्धा तास बसून सगळं समजावून सांगतो, ते तर तिला बिलकूल सोसायचं नाही. "आमचा नितीन शेजाऱ्यांचे आंबे चोरताना सापडला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. आणि हा बघा, भाषण देतोय!"

गोव्यात घडणारे थरारपट आले की ती सरसावून बसायची आणि दहा मिनिटांत चिडायची. मोरजीची वाळू, गोरे पाहुणे, नशेच्या पुड्या, पुन्हा मोरजीची वाळू. "भावजी, ह्यांच्या गोव्यात आपण राहतो तरी कुठे?" दक्षिणेकडचे सिनेमे मात्र तिला आवडायचे. तिथली घरं आमच्यासारखीच, कौलारू, दारात फणस, मागे विहीर, आणि दिवसाउजेडी स्वयंपाकघरात भाजी चिरताना हळूहळू कळायला लागतं की काहीतरी चुकलं आहे. "ही खरी भीती," म्हणायची, आणि उठून मागच्या दाराची कडी लागली आहे ना ते बघून यायची. तेच तिचं माप होतं. लोक तारे देतात, ती कड्या द्यायची. सिनेमा संपेपर्यंत एकदा उठली तर एक कडी, दोनदा उठली तर दोन. तीन कड्या मिळालेले सिनेमे मोजकेच.

मी स्वतः तीस वर्षं सिनेमा थिएटरात प्रोजेक्टर चालवला. हजारो खून बघितले, पण ते भिंतीतल्या चौकोनी भोकातून. आत यंत्राचा खडखडाट इतका की पडद्यावरचं बोलणं धड ऐकू यायचं नाही. आवाज नसला की भीती वाटत नाही हो. वहिनीच्या कदेलीशेजारी बसल्यावर मला पहिल्यांदा सिनेमाचा आवाज ऐकू आला, आणि म्हातारपणी मी भित्रा झालो. ती हसायची मला. "थिएटरवाले म्हणे!"

तिची सगळ्यात मोठी तक्रार निराळीच होती. बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारतं आणि सिनेमातली बाई लगेच "आले" म्हणून दार उघडते. तिथे वहिनी कपाळावर हात मारायची. "पयल्या हाकेक कोण ओ दिता गो? मरपाचीच ती!" हे तिने माहेराहून आणलेलं. तिचं माहेर पेडण्याकडचं, तेरेखोल नदीच्या अगदी काठावर. पलीकडच्या काठावरून तरीसाठी, म्हणजे होडीसाठी, हाका यायच्या, पाण्यावरून फिरून यायच्या, कोण मारतो आणि कुठून तेच कळायचं नाही. त्या घरात पोरांना चालायला लागल्याबरोबर शिकवायचे की पहिल्या हाकेला गप्प राहायचं, दुसरीलाही गप्प. देवचार, म्हणजे तिकडचं भूत, फार तर दोनदा हाक मारतो. ज्याचं खरंच काम आहे तो माणूस तीनदा मारतो.

लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही भाऊ-भाऊ तिची चेष्टा करायचो. ती चेष्टा एका संध्याकाळी थांबली. घटक राज्य होण्याआधीची ती वर्षं, कोकणी की मराठी, असं भाषेचं आंदोलन पेटलेलं. आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत, त्यामुळे आम्ही कुणाचे ते आमचं आम्हालाच धड माहीत नव्हतं. भाऊ शुक्रवारचा म्हापशाच्या बाजाराला गेला आणि रस्ते अडले. दिवे लागले तरी पत्ता नाही. घरात मी आणि नवी वहिनी. आणि दारावर थाप पडली. "दार काड!" घोगरा, ओळखीचा नसलेला आवाज. मी उठलो तर तिने माझं मनगट धरलं. नखं रुतली. कानाशी म्हणाली, "ओ दिऊ नका." दुसरी हाक. मराठीत विचारू की कोकणीत, कुठल्या भाषेत विचारलं तर मार बसेल, असलं काहीतरी डोक्यात. तिसरी हाक आली तशी ती स्वतःच ओरडली, "ओ!" आणि कडी काढली. बाहेर भाऊ, धुळीने माखलेला, म्हापशापासून पायी आलेला, घसा बसलेला. "अगो, घोव मरे हांव तुजो, भूत न्हय!" ती हसली आणि मग पडवीत बसून ढसाढसा रडली. नंतर मला म्हणाली, "बघा भावजी, ओ दोन्ही भाषांत एकच." त्या दिवसापासून मीही तिसऱ्या हाकेचा झालो. बाजारात, बसस्टँडवर, कुणी नावाने हाक मारली तरी मी तिसरीला वळायचो. लोक मला बहिरा समजायचे.

तिची शेवटची मालिका बिहारकडची होती. गावातल्या एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा संशय, आणि तिची धाकटी नणंद तिला सारखी "भौजी, भौजी" करते. त्यांच्याकडे वहिनीला भौजी म्हणतात, आमच्याकडे वहिनी दिराला भावजी म्हणते. पहिल्याच भागात घोटाळा झाला. मी माझ्या बाजूला बांगडे साफ करत होतो. हाक आली, एक, दोन, तीन. मी तसाच, हातात सुरी, खवल्यांनी माखलेला, धावत तिच्याकडे. "किदें जालें?" ती टीव्हीकडे बोट दाखवून इतकी हसली की तिला उचकी लागली. "तुम्ही नव्हे हो! तिकडे बोलावतायत!" चार दिवस तिने मला छळलं. पोदेर पाव घेऊन आला तर त्यालाही सांगितलं.

आणि मग तो दिवस. जेवण झालं होतं. मी पलंगावर पडून वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी हे लिहितो आहे तिच्यातलंच शब्दकोडं सोडवत होतो. पावणेतीनच्या सुमाराला भिंतीपलीकडून आवाज आला, "भावजी." एकदाच. मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या हाकेची वाट बघितली. नाही आली. म्हटलं, पुन्हा टीव्हीच असणार, पुन्हा हसायला निमित्त कशाला द्या. पेन उचललं. सात अक्षरी उभा शब्द होता, तो सोडवला. मग उठून चहा ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "मोठा झटका होता. तुम्ही शेजारी बसलेले असता तरी काही करता आलं नसतं." डॉक्टर स्वभावाने कनवाळू आहेत, म्हणून माझा विश्वास बसत नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही. ती हाक तिची होती की टीव्हीतली? टीव्हीतली असेल तर मी सुटलो. तिची असेल तर... शेजारच्या घरातलं कुणीही, कुणालाही हाक मारू दे, मी पहिल्याच हाकेला "ओ" म्हणून उभा राहतो. मासेवाली म्हणते, "बाब, हांवें अजून हाक मारूंक ना." लोकांना वाटतं दुःखाने माझं डोकं फिरलं. दुःख आहेच, पण त्याहून जास्त भय आहे. जेवणानंतर अडीच वाजत आले की मी भिंतीकडे पाठ करून बसतो.

उत्तर कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो भाग टीव्हीत तसाच आहे. बटण दाबलं की यंत्र विचारतं, जिथे थांबलात तिथून पुढे बघायचं का? तीनला मीच बंद केला होता. अर्धा तास मागे जायचं, बस. नितीन दिवसकार्य आटपून निघताना टीव्ही पुण्याला नेऊ का म्हणाला, तर मी उगाच त्याच्या अंगावर ओरडलो. पण रिमोटला हात लावायची छाती होत नव्हती. वहिनीने त्याला रबरबँड गुंडाळलेला, तो तसाच होता.

परवा लावला. तिच्या कदेलीत बसायचं धाडस झालं नाही, माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसलो. मालिका चांगली आहे. काळोख कमी, भांडी पाडणं नाही, नणंद-भावजय उन्हात सांडगे वाळत घालत बोलतात आणि आपल्या अंगावर काटा येतो. पावणेतीनच्या सुमाराला जे घडत असेल त्या जागी मी आवाज वाढवला. नणंद अंगणातून धावत आली. "भौजी!" ... मला रडूच फुटलं. सुटलो, म्हटलं. देवा, सुटलो. तोवर ती पुन्हा ओरडली, "भौजी!" आणि पुन्हा, "भौजी!" तीनदा. मी पुढे बघितलं, मागे बघितलं, तीनपर्यंतचा सगळा अर्धा तास दोनदा बघितला. दुसरीकडे कुठेही कुणी हाक मारत नाही, आणि ह्या तीन मी स्वयंपाकघरात चहा ठेवत असताना होऊन गेल्या असणार. तीन हाका ऐकू आल्या असत्या तर मी उठलो असतो. बांगडे टाकून उठलो होतो तसा उठलो असतो. मला तर एकच ऐकू आली होती.

आता वहिनी असती तर म्हणाली असती, पुरे हो भावजी, शेवटी समजावत बसू नका.

मी उठलो आणि मागच्या दाराची कडी बघून आलो. लागलेली होती. स्टुलावर बसलो, बसवेना, पुन्हा जाऊन बघितली. तिसऱ्यांदा गेलो. कडी काढली, दार सताड उघडलं, आणि मागच्या उन्हात उभा राहून मोठ्याने म्हटलं, "ओ, वहिनी."