खंदारे साहेबांनी उकरलेला रस्ता

खंदारे साहेब रस्त्यावर उतरले की डांबराकडे बघतच नसत. कडेला उकिडवे बसून बाजूच्या चरात हात घालत, ओल किती आहे ते पाहत आणि मगच खड्ड्यांची नोंद करत. मी नवा कनिष्ठ अभियंता म्हणून हिंगोलीला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आधी पाण्याला वाट दे, मंग डांबर टाक. उलटं केलंस तर दर साली तोच खड्डा बुजवत बसशील."

हे ते कोकणात शिकले होते. सात वर्षं खाडीकाठच्या रस्त्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे होती. भरतीचं पाणी खालून भरावात शिरतं, म्हणून आधी रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्या साफ, मग कडा पक्क्या आणि शेवटी डांबर, असा वर्षभराचा आराखडा ते आखत. पण कोकणात ते हौसेनं गेले नव्हते.

नव्वदच्या सुमारास ते सेनगावला होते. एका मोरीचा भराव खचत चालला होता. दुरुस्तीच्या आराखड्यात त्यांनी ती मोरी पहिली घातली. त्यांचे वरिष्ठ राजूरकर यांनी ती खोडली. त्याच पावसाळ्यात तिथली कड सुटून जीप उलटली. जीपमध्ये साहेबांची धाकटी बहीण शांता होती, माहेरी यायला निघालेली. ती जागीच गेली. चौकशीत राजूरकरांनी लिहून दिलं की, खंदारेंनी मोरीबद्दल कळवलंच नव्हतं. आराखड्याचा कागद फाइलीतून नाहीसा झाला होता. साहेबांची बदली थेट समुद्राकाठी झाली.

"तिच्या मातीला उभा होतो," ते मला एकदा म्हणाले, "तवाच ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं न्हाई."

ते परतले तोवर राजूरकर निवृत्त होऊन ठेकेदार झाले होते. डोंगरकडा गावाकडचा एक रस्ता त्यांनी केला आणि तपासणी साहेबांकडे आली. मे महिन्याच्या उन्हात राजूरकरांना उभं करून साहेबांनी जागोजागी रस्ता खोदायला लावला. थर मी मोजत होतो. एकही कमी भरला नाही. मी सांगितलेला प्रत्येक आकडा साहेबांनी कमी करून लिहिला आणि कागद माझ्यापुढे धरला.

"सही कर."

मी केली.

"खंदारे, काम बरोबर आहे," राजूरकर म्हणाले. "तुम्हालाही माहीत आहे."

"व्हय, माहीत हाय. मोरीचंबी तुमाला माहीत होतं."

सगळा रस्ता उकरून पुन्हा करायचा हुकूम निघाला. राजूरकर त्यात साफ बुडाले, ठेकेदारीतून कायमचे उठले. पण काम अर्ध्यावर असतानाच पाऊस आला. एसटी बंद झाली. लोक गुडघाभर काळ्या चिखलातून चालू लागले. एका म्हाताऱ्याला बाजेवर घालून दवाखान्यात न्यावं लागलं. साहेब रोज मजुरांबरोबर मुरूम टाकायला जात. नोंद मात्र त्यांनी बदलली नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. विचारलं, "साहेब, राग गेला का?"

"न्हाई. मरेपर्यंत माफ करणार न्हाई. पुन्हा मौका आला तर पुन्हा तेच करीन."

बस लागली. ते चढले आणि खिडकीशी बसले.

"पर तुझी सही घ्यायला नको होती," ते म्हणाले. "तुझ्या नोकरीतली पहिली खोटी सही मी करून घेतली."

ती शेवटची नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.